सुप्रा की स्कायलाइन? जुनी जपानी गाडी, विद्यार्थ्याचं बजेट आणि थोडं विचरण

"दहा हजार डॉलरमध्ये सगळ्यात भारी जपानी परफॉर्मन्स गाडी कोणती?" न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की शेवटी त्यावर लिहायचंच ठरवलं. माझं काम समुद्री शिंपल्यांच्या वाढीवर आहे, गाड्यांवर नाही. पण हा प्रश्न संशोधनाच्या दृष्टीनं फार चांगला आहे. कारण तो आधी चुकीचा विचारला जातो, मग चुकीचा डेटा गोळा होतो आणि शेवटी उत्तर मात्र ठाम आत्मविश्वासानं दिलं जातं. पीएचडीच्या पहिल्या वर्षात असंच काहीसं होतं, हे तुम्हाला लवकरच कळेल.

थोडी पार्श्वभूमी सांगते. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही, त्यामुळे सिल्व्हिया, आरएक्स-७, आल्टेझा ही नावं आपल्याला बहुतेक करून 'ग्रान टुरिस्मो'सारख्या गेममधूनच माहीत असतात. न्यूझीलंडचं उलट आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथं वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल झाले, १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयात शुल्क गेलं आणि त्याच वर्षी देशातले उरलेसुरले जुळणीचे कारखानेही बंद झाले. जपानमध्ये गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते, इथंही तसंच. शिवाय जपानमध्ये नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी 'शाकेन' नावाची खर्चिक तपासणी करावी लागते, म्हणून बरेच लोक चांगली गाडीही लवकर विकून टाकतात. त्या गाड्या लिलावातून जहाजावर चढतात आणि इथं उतरतात. म्हणूनच स्टायपेंडवर जगणारा विद्यार्थी इथं २०० घोड्यांची गाडी घ्यायचा विचार तरी करू शकतो.

माझ्या रूममेटनं केला. ती कोल्हापूरची, वडिलांची बुलेट चालवत मोठी झालेली, आणि दोन वर्षं शिकवण्या आणि कॅफेतलं काम करून तिनं दहा हजार डॉलर साठवले होते. गाडी घेतल्यावर महिन्याभरात इंजिन बसलं तर नव्या इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीइतका येऊ शकतो आणि तो करायला तिच्याकडे काहीच उरलं नसतं. त्यामुळे आम्ही दोघींनी हा विषय जरा गंभीरपणे घेतला.

आधी प्रश्न दुरुस्त करा

'सगळ्यात भारी' हे मोजता येत नाही. मोजता येण्याजोगं काय, ते आधी ठरवावं लागतं. याला आपण व्याख्येचं कार्यान्वयन म्हणतो, नाव जड आहे पण काम साधं आहे. आम्ही ड्युनेडिनमध्ये राहतो. इथले चढ प्रसिद्ध आहेत, हिवाळ्यात सकाळी रस्त्यावर दव गोठलेलं असतं. गाडी रोज लागणार, मागे दोन माणसं बसणार, बिघडली तर पंधरा दिवसांपेक्षा जास्त गॅरेजमध्ये ठेवणं परवडणार नाही. पहिल्या दोन वर्षांचा दुरुस्तीचा खर्च तीन हजारांच्या आत राहायला हवा. एवढं कागदावर आल्यावर 'सुप्रा की स्कायलाइन' हा वाद आपोआप संपला. टर्बो सुप्रा आणि जीटी-आर बजेटमध्ये नव्हत्याच, पण असत्या तरी त्या या प्रश्नाचं उत्तर नव्हत्या.

हे निकष आम्ही एकही गाडी बघायच्या आधी लिहिले आणि त्यांना किती महत्त्व द्यायचं तेही तेव्हाच ठरवलं. हा मुद्दा लहान वाटतो, पण नाही. गाडी समोर उभी राहिली, एग्झॉस्टचा आवाज कानावर पडला, की 'मागची सीट तशी फार लागत नाही' असं वाटायला लागतं. निकाल बघून मग कसोटी ठरवणं याला संशोधनात चांगलं नाव नाही. तुम्ही प्रयोगाआधी विश्लेषणाचा आराखडा नोंदवून ठेवता ना, अगदी तसंच.

२८० चा आकडा

आता डेटाकडे वळू. परफॉर्मन्स गाडी म्हटलं की लोक आधी हॉर्सपॉवर बघतात. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांमध्ये एक अलिखित समझोता होता, की देशात विकल्या जाणाऱ्या गाडीची जाहीर ताकद २८० पीएसच्या वर न्यायची नाही. परिणाम असा, की स्कायलाइन जीटी-आर २८०, टर्बो सुप्रा २८०, चेसर टूरर व्ही २८०, लान्सर इव्होल्यूशनच्या बऱ्याच पिढ्या २८०, सुबारू लेगसीची वरची टर्बो आवृत्तीही २८०. यांतल्या काहींची खरी ताकद जाहीर आकड्यापेक्षा जास्त होती हे आज सगळे मानतात.

म्हणजे हा आकडा छाटलेला आहे. एका मर्यादेच्या वरची सगळी मोजमापं त्या मर्यादेवरच नोंदली गेली. माझ्या प्रयोगशाळेत एखाद्या सेन्सरची कमाल मर्यादा ओलांडली की तो तोच तोच आकडा दाखवत राहतो, आणि नवखा विद्यार्थी म्हणतो, "सगळे नमुने सारखेच आहेत!" आकडे सारखे दिसले की आधी विचारायचं, हे खरंच सारखे आहेत की पट्टीच तिथं संपली?

किमतीचंही असंच, फक्त कारण वेगळं. अमेरिकेत एरवी आणता न येणारी परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की सुरक्षा नियमांतून सुटते. आर३४ स्कायलाइन जीटी-आरचं उत्पादन जानेवारी १९९९ मध्ये सुरू झालं, म्हणून सर्वांत जुन्या आर३४ जीटी-आर जानेवारी २०२४ पासून तिथं पात्र ठरल्या. ती तारीख जवळ येत गेली तसे जगभर भाव चढले. 'इनिशियल डी' या मांगामुळे टोयोटाच्या साध्यासुध्या एई८६ चंही तेच झालं. या भाववाढीचा त्या गाडीच्या प्रकृतीशी काही संबंध नाही. तेव्हा महाग म्हणजे चांगली असं गृहीत धरू नका.

मॉडेल निवडताय की गाडी?

माझ्या मते या सगळ्यात खरा मुद्दा हा आहे, आणि संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी इथं थोडं थांबावं.

लोक मॉडेलवर भांडतात. सुबारू घे, नको, मित्सुबिशी घे. समजा, दोन मॉडेलं आहेत, अ आणि ब. पहिल्या दोन वर्षांत होणारा दुरुस्तीचा सरासरी खर्च अ साठी ३,००० डॉलर आणि ब साठी ४,०००. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) गाड्या नव्याकोऱ्या असतील तर एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत फारसा फरक नसतो, प्रमाण विचलन ३०० धरू. डोळे मिटून एक अ आणि एक ब उचलली, तर अ स्वस्त पडण्याची शक्यता ९९ टक्के येते. इथं मॉडेलवर भांडणं योग्य आहे.

आता त्याच गाड्या २५ वर्षांच्या करा. सरासरीतला फरक तोच, १,०००. पण प्रत्येक मॉडेलच्या आतला पसारा वाढलेला, प्रमाण विचलन २,५००. आता अ स्वस्त पडण्याची शक्यता उरते ६१ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा थोडी बरी, एवढंच. विचरणाच्या भाषेत सांगायचं तर नव्या गाड्यांमध्ये एकूण विचरणाचा सुमारे ७४ टक्के भाग मॉडेलमुळे होता, तो जुन्यांमध्ये जेमतेम ४ टक्क्यांवर आला. बाकीचा ९६ टक्के 'ही विशिष्ट गाडी कशी वापरली गेली' यात आहे. (मी सोयीसाठी नॉर्मल वितरण धरलं. खरा खर्च एका बाजूला लांब शेपटी असलेला असतो, बहुतेकांना थोडा आणि काहींना बेसुमार. त्यामुळे प्रत्यक्षात सरासरीवर आणखीच कमी विसंबावं. कागद-पेन घेऊन हे गणित स्वतः करून बघा, दहा मिनिटांचं आहे.)

हा पसारा येतो कुठून? तेल वेळेवर बदललं की नाही. गाडी होक्काइदोमध्ये होती का, जिथं हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि खालचा पत्रा गंजतो. मधल्या कुठल्या मालकानं टर्बोचा दाब वाढवून घेतला होता का. जपानमध्ये हाय-ऑक्टेन पेट्रोल साधारण ९८ ते १०० ऑक्टेनचं असतं आणि ही टर्बो इंजिनं त्यावर बेतलेली आहेत, इथं कुणी पैसे वाचवायला त्यात वर्षानुवर्षं ९१ घातलं का. सिल्व्हिया असेल तर ती किती रात्री ड्रिफ्टिंगला गेली. यांतलं काहीच मॉडेलच्या नावात लिहिलेलं नसतं.

माझ्या शिंपल्यांबाबतही हेच आहे. एकाच जातीचे दोन शिंपले, एक उघड्या खडकावरचा, एक खाडीतला, आणि मी जर जातीची सरासरी घेऊन बसले तर मला खडक दिसणारच नाही.

लिलावाचा कागद वाचायचा कसा

बऱ्याच आयात गाड्यांचा जपानमधल्या लिलावाचा कागद मिळतो. वर एक श्रेणी असते: ५, ४.५, ४, ३.५, ३ अशी, आणि अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीला आर किंवा आरए. आतल्या सजावटीला वेगळं अक्षर. खाली गाडीचा नकाशा आणि त्यावर खुणा: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यात राहिलेली लाट, एस म्हणजे गंज (जपानीत 'साबि'). अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितकं नुकसान जास्त.

हा कागद फार कामाचा आहे, फक्त त्याला डेटा म्हणून वागवा, निकालपत्र म्हणून नाही. श्रेणी ही क्रमवाचक आहे. ४ आणि ४.५ मधलं अंतर ३ आणि ३.५ इतकंच आहे असं कुणीही म्हटलेलं नाही, तेव्हा श्रेण्यांची सरासरी काढत बसू नका. प्रत्येक लिलावगृहाची कसोटी स्वतःची, तपासणारा माणूसही वेगळा. तपासणी मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची असते, इंजिन उघडून कुणी बघत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदावरची तारीख. गाडी २००७ मध्ये इथं आली असेल तर तो कागद २००७ ची गाडी सांगतो, त्यानंतरच्या मालकांबद्दल तो गप्प आहे. आम्हाला एका विक्रेत्यानं ४.५ श्रेणीचा कागद अभिमानानं दाखवला होता, आणि गाडीच्या मागच्या चाकावरच्या कमानीत बोट जाईल एवढं गंजाचं भोक होतं. कागद खोटा नव्हता, जुना होता.

विकणाऱ्याला माहीत आहे, आपल्याला नाही

जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधला 'लेमन्स'वरचा शोधनिबंध वाचला नसेल तर जरूर वाचा, छोटा आहे. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. मुद्दा असा: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. त्यामुळे घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, बाजारातून चांगल्या गाड्या निघून जातात आणि सरासरी आणखी घसरते. या कामाला पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं, पण छापून येण्याआधी तो तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता, त्यातल्या दोघांनी 'फारच क्षुल्लक' म्हणून. पहिला नकार आल्यावर हे आठवायला हरकत नाही.

न्यूझीलंडमध्ये यावर कायद्याचा थोडा उतारा आहे. डीलरकडून घेतलेल्या गाडीला कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट, १९९३ लागू होतो आणि डीलरला गाडीवर माहितीपत्रक लावावं लागतं, ज्यात गाडी नुकसान झालेल्या अवस्थेत आयात झाली होती का हेही लिहिलेलं असतं. खासगी मालकाकडून घेतली तर हे संरक्षण नाही, म्हणून ती स्वस्त वाटते.

दुसरा उतारा म्हणजे विकत घेण्याआधी स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी. 'अडीचशे डॉलर उगाच कशाला?' असं सगळे म्हणतात. हिशोब करू. समजा, अशा १२ गाड्यांपैकी ३ मध्ये ६,००० डॉलरचा लपलेला दोष आहे. न तपासता घेतली तर अपेक्षित नुकसान १,५०० डॉलर. मेकॅनिक त्या ३ पैकी २ पकडतो. उरल्या १० गाड्या, त्यांत १ खराब. म्हणजे अपेक्षित नुकसान ६०० वर आलं. नापास झालेल्यांचाही खर्च धरला तर एक गाडी घेईपर्यंत सरासरी १.२ तपासण्या होतात, म्हणजे ३०० डॉलर. ६०० आणि ३०० मिळून ९००, विरुद्ध १,५००. यालाच माहितीचं मूल्य म्हणतात. तुमच्या प्रयोगात एक जादाची चाचणी करायची की नाही, हेही असंच ठरवता येतं.

आणि विक्रेता तपासणीला नाही म्हणाला तर ती माहिती तुम्हाला फुकटात मिळाली.

मग यादीत काय उरलं

मॉडेलचा वाटा ४ टक्के म्हणजे शून्य नव्हे. तपासायला काय सोपं आणि काय अवघड, हे मॉडेलनुसार बदलतं, म्हणून आम्ही मॉडेलकडे त्याच नजरेनं पाहिलं. आरएक्स-७ चं रोटरी इंजिन अप्रतिम आहे, पण त्याची कॉम्प्रेशन चाचणी साध्या गेजनं नीट होत नाही, खास उपकरण लागतं. ते जवळ नसेल तर तुम्ही आंधळेपणानं घेताय. सुबारूची टर्बो इंजिनं, विशेषतः लेगसीमधलं दोन टर्बोंचं, इतकी खच्चून भरलेली असतात की साध्या कामाचे तासही वाढतात. इव्हो बजेटच्या कडेला, आणि बहुतेकींमध्ये काहीतरी फेरफार केलेले. मोठ्या फेरफारांना इथं लो व्हॉल्यूम प्रमाणपत्राची पाटी लागते, नसेल तर फिटनेसला अडचण आणि विमा कंपनीला सांगितलं नसेल तर दाव्यालाही. रोडस्टर म्हणजे मला मनापासून आवडणारी गाडी: पहिली पिढी हजार किलोच्या आत, रचना साधी, सगळं हाताला येतं. पण सीट दोनच, निकष आधीच लिहिलेले होते.

उरल्या टोयोटा आल्टेझा आरएस२००, होंडा इंटेग्रा टाइप आर आणि स्विफ्ट स्पोर्ट. तिन्हींना टर्बो नाही, हा योगायोग नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद वाढवणं महाग पडतं, त्यामुळे मधल्या मालकांनी छेडछाड केलेली असण्याची शक्यता कमी, म्हणजेच मॉडेलच्या आतला पसारा कमी. आम्ही कमी सरासरीपेक्षा कमी पसारा शोधत होतो, कारण तिच्याकडे दुसरा डाव खेळायला पैसे नव्हते. इंटेग्रा बजेटमध्ये सापडल्या त्या सगळ्या दमलेल्या होत्या. स्विफ्ट स्पोर्ट सर्वांत शहाणपणाची होती, हे मी आजही म्हणते, पण रूममेटला मागचीच चाकं ओढणारी गाडी हवी होती आणि तो निकषही तिनं पहिल्याच दिवशी लिहिला होता, सहा टक्के महत्त्व देऊन.

पाच गाड्या नाकारल्यावर सहावी आल्टेझा पास झाली. चार दारं, सहा गिअर, २१० पीएस, किंमत ८,२००. उरलेले १,८०० राखीव, त्यातूनच तपासणीचे पैसे गेले. इंजिनच्या कप्प्यात टायमिंग बेल्ट बदलल्याचं जपानी गॅरेजचं स्टिकर होतं: ९६,००० किलोमीटर, हेइसेई २१. हेइसेई वर्षात १९८८ मिळवले की आपलं वर्ष येतं, म्हणजे २००९. गाडीवर आता १,३८,००० किलोमीटर होते आणि बेल्ट साधारण लाखभर किलोमीटर चालतो, तेव्हा विकणारे काका म्हणाले, "अजून अर्ध्याहून जास्त आयुष्य बाकी आहे." किलोमीटरच्या हिशोबानं बरोबर होतं. पण रबर किलोमीटरनं जितकं म्हातारं होतं तितकंच वर्षांनीही होतं. तिनं पहिल्याच आठवड्यात बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलून घेतला. जुना बेल्ट उलटा वाकवून बघितला तर आतल्या बाजूला बारीक भेगा होत्या. तो तुकडा आता माझ्या टेबलावर आहे, शिंपल्यांच्या ट्रेशेजारी.